सतरा इंची अलॉयचा नाद सोडा, तेच पैसे टायरमध्ये घाला

आय-20 एन लाइन, पोलो जीटी, व्हर्टस, स्लाव्हिया असल्या चपळ गाड्या रोज ऑफिसला नेणाऱ्यांची टायर बदलायची वेळ आली की चार जणांतले तीन जण एकच सांगतात: "आता सतरा इंची अलॉय टाकून घे." म्हणजे कंपनीच्या चाकापेक्षा मोठं, अलॉयचं (मिश्रधातूचं) चाक. माझं ठाम मत याच्या उलट आहे. कंपनीने दिलेलं माप ठेवा. अलॉयचे पैसे वाचतील, त्यात त्याच मापाचा एक पायरी वरचा टायर घ्या आणि उरलेल्यात अलाइनमेंट (चाकांच्या दिशेची जुळणी) नीट करून घ्या. रोजच्या गाडीला याहून स्वस्त आणि जाणवेल असा बदल दुसरा नाही.

कारण साधं आहे. 195/55 R16 या टायरची (195 मिमी रुंदी, भिंत त्या रुंदीच्या 55 टक्के, आतलं धातूचं चाक म्हणजे रिम 16 इंची) बाजूची भिंत 107 मिमी उंच असते, 205/45 R17 ची 92 मिमी. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो (621 आणि 616 मिमी), त्यामुळे स्पीडोमीटरला फरक कळत नाही आणि दिसायला गाडी झकास दिसते. पण गेलेले 15 मिमी खड्डा आणि रिम यांच्या मधले होते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की रबर कड आणि रिमच्या मध्ये चिमटतं, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. पावसाळ्यातले आपले रस्ते बघता हा खर्च परवडणारा नाही.

परदेशी व्हिडिओ बघून अनेक जण "समर टायर कुठे मिळेल" विचारतात. युरोपात हिवाळी आणि उन्हाळी असे दोन संच लागतात, कारण साधारण 7 अंशांखाली उन्हाळी रबर कडक होऊन पकड सोडतं. महाराष्ट्रात तो प्रश्नच नाही. इथे दुकानात मिळणारा कारचा नेहमीचा टायर बहुतेक उन्हाळीच असतो. खरी निवड टूरिंग आणि स्पोर्ट यांतली आहे. टूरिंग टायर शांत चालतो, जास्त टिकतो. स्पोर्ट टायरचे कडेचे ठोकळे जाड आणि भिंत कडक असते, म्हणून स्टिअरिंग वळवताच गाडी वळते. पण आवाज जास्त आणि झीजही लवकर. रोज ट्रॅफिक आणि महिन्यातून एखादा ताम्हिणी असेल तर चांगला टूरिंग टायर घ्या: कॉन्टिनेंटल यूसी 6 किंवा मिशेलिन प्रायमसी. दर रविवारी घाट मारणारे असाल तरच स्पोर्टकडे वळा. व्रेडेस्टाइन अल्ट्राक, सिएट स्पोर्टड्राइव्ह बघा आणि 205/55 R16 माप असेल व बजेट ताणता येत असेल तर मिशेलिन पायलट स्पोर्ट 4. जून 2020 पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे बाहेरच्या यादीतलं प्रत्येक मॉडेल तुमच्या मापात मिळेलच असं नाही. एकाच नावासाठी अडून बसू नका.

दुकानात गेल्यावर टायर बसवायच्या आधी हातात घेऊन वाचा. मापापुढे उदाहरणार्थ 87V असेल तर त्याचा अर्थ एका टायरवर 545 किलो भार आणि ताशी 240 किमीपर्यंतची क्षमता. V च्या जागी H (210) स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणा. मग तारीख शोधा: लंबगोलातले चार आकडे, 2325 म्हणजे 2025 सालचा 23 वा आठवडा. ते एकाच बाजूला असतात, टायर उलटा करून बघावा लागतो. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा माल चालेल, वर्षाच्या पुढचा मी घेणार नाही. भाव सांगताना जीएसटी विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 28 वरून 18 टक्के झाला आहे.

बसवताना तिथून हलू नका. बाण असलेला टायर बाणाच्या दिशेनेच फिरला पाहिजे, आणि "आउटसाइड" कोरलेली बाजू बाहेरच आली पाहिजे. घाईच्या दुकानात हे सर्रास उलटं बसतं आणि नेमकी पावसात पकड जाते. व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा, किरकोळ खर्च आहे. नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. शेवटचा ताण टॉर्क रेंचने (ताण मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याइतकाच.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे लावा. पुढे इंजिन आहे म्हणून नवे पुढे, हे बहुतेक टायरवाले मनापासून सांगतात, पण ते चूक आहे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड गेली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सहसा सावरते. मागची गेली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

कायद्याने टायरवरच्या खोबणीची खोली 1.6 मिमीपर्यंत चालते. पण पावसाळ्याच्या तोंडावर 3 मिमी उरली असेल तर मी टायर बदलायलाच सांगेन, कारण उथळ खोबणीतून पाणी बाहेर पडत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो.

अलाइनमेंट बिघडलीय का हे हाताने कळतं. गाडी थांबवून तळवा टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते) बिघडलाय, टायर आणखी खराब व्हायच्या आत जा. हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी, स्वतःच्या काट्याने मोजा. आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. एक्स्प्रेसवेवर तासभर पळाल्यावर तोच काटा तीन-चार पीएसआय वर दिसेल. ती हवा काढू नका. नवे टायर पहिले 200-300 किमी जपून चालवा, रबरावरचा गुळगुळीत थर जायला तेवढं अंतर लागतं. शंभरेक किमी झाले की नट पुन्हा रेंचने तपासून घ्या.