लिंबू-सोड्याने दात पांढरे होत नाहीत, झिजतात

घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज फिरतोय: ‘अर्ध्या लिंबाच्या रसात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दोन मिनिटं दात घासा, आठवड्यात मोत्यासारखे होतील. पिवळेपणा म्हणजे साचलेला मळ. दवाखान्यात दात पांढरे करून घेतले की ते ढिले होतात. आपल्या आज्यांचे दात राखुंडीवरच टिकले.’ मी दातांची डॉक्टर आहे. या उपायाचे परिणाम माझ्या खुर्चीत येऊन बसतात, म्हणून लिहितेय.

आधी लिंबू. कैरी, चिंच जास्त झाली की दात आंबतात, हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. मेसेजमध्ये तेच आम्ल मुद्दाम चोळायला सांगितलंय. पीएच हे आम्लपणाचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. दातावरचं इनॅमल, म्हणजे सगळ्यात वरचा कडक थर, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो. मऊ पडलेल्या इनॅमलवर ब्रश फिरवला की ते खरवडून निघतं. सोड्याने आम्ल मरतं ना, असं विचारतात. सोडा पुरेसा पडला तर लिंबाचा काही उपयोगच उरत नाही, आणि कमी पडला तर आम्ल शिल्लक राहतं. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, त्याने दात उजळत नाहीत. नुसता सोडा तसा सौम्य असतो, काही टूथपेस्टमध्येही असतो. त्याने चहाचे वरवरचे डाग निघतात, एवढं खरं.

गेल्या लग्नसराईत एक मुलगी आली होती. लग्न ठरल्यापासून चार-पाच महिने तिचा हा प्रयोग चालू होता. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या. चूळ भरायला पाणी दिलं, तर तिने ते आधी गालात धरून कोमट केलं आणि मग खुळखुळवलं, इतकी कळ जात होती. आणि दात? आधीपेक्षा पिवळे. इनॅमलखालचं डेंटिन मुळातच पिवळसर असतं. वरचा थर पातळ झाला की ते जास्त दिसतं. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, त्यामुळे झिजलेलं पुन्हा भरून येत नाही.

म्हणजे पिवळा दात मळलेलाच असतो, हेही चूक. वयानुसार रंग गडद होतो. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागांत, आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत, लहानपणीच दातांवर तपकिरी डाग उमटतात. मार लागून आतून मेलेला एखादाच दात करडा पडतो. यांतलं काहीही घासून जाणार नाही.

‘दात ढिले होतात’ हा समज दात साफ करण्यावरून आलाय, आणि साफ करणं म्हणजे दात पांढरे करणं नव्हे. हिरडीच्या आजाराने दात आधीच सैल झालेला असतो, घट्ट बसलेलं किटण त्याला जखडून ठेवतं. ते काढलं की हालचाल जाणवते, आणि दोष आमच्या माथी येतो. चहा-तंबाखूचे डाग बहुतेक वेळा या सफाईनेच जातात, ब्लीचिंगची, म्हणजे रसायनाने दातांचा रंग उजळवण्याची, गरजच पडत नाही.

राखुंडीचे कण खरखरीत असतात, दात झिजवतात. त्याहून काळजी मशेरीची वाटते. दात घासायला म्हणून बायका ती लावतात, पण ती भाजलेली तंबाखू आहे. तिची सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

घरी दात उजळता येतात, तेही सांगते. दातांचं माप घेऊन बनवलेल्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून रात्री लावायची, साधारण दोन आठवडे. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यात २५ ते ४० टक्क्यांचं वापरतात, म्हणून हिरड्या झाकाव्या लागतात. रंग तासाभरात उजळतो, खर्चही जास्त येतो. दोन्हींत काही दिवस दात सळसळतात. कॅप आणि सिमेंटचा रंग मात्र बदलत नाही. कीड किंवा हिरडीचा आजार असेल तर आधी त्यावर उपचार. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइडची अशी उत्पादनं डेंटिस्टशिवाय विकता येत नाहीत, अठराच्या आतल्यांसाठी तर वापरताच येत नाहीत.

लिंबू लावून झालं असेल तर आजच थांबवा. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश किमान अर्ध्या तासाने, फ्लोराइडच्या पेस्टने. गार पाण्याची कळ दोन आठवड्यांत थांबली नाही, तर दाखवून घ्या.