रॅम्प फोटोत मावला पाहिजे

व्हीलचेअरवरचा मुलगा यंदा तुमच्या शाळेत आलाय? घाबरू नका, सर. प्रवेश मात्र नाकारू नका. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असला की 18 वर्षांपर्यंत घराजवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क 2016 च्या कायद्याने देऊन ठेवलाय. प्रवेश द्यावा, बाकीचं इमारत बघून घेते.

आधी रॅम्प. नियम म्हणतो, एक फूट चढाला बारा फूट लांबी. म्हणजे आपल्या दोन फुटी जोत्याला चोवीस फूट! मग स्कूटरी कुठे लावायच्या? सहा फुटांत उरका. कठडा नको, फोटोत आडवा येतो. वर दोन कुंड्या ठेवल्या की तपासणीचे साहेब खूश, आणि मधल्या सुट्टीत बालवाडीला घसरगुंडी.

नववी दुसऱ्या मजल्यावर भरते. वर्ग खाली आणावा असं मनात आलं तर घोटभर पाणी प्या, जाईल. खाली ऑफिस, ढालींचं कपाट आणि मोडक्या बाकांची खोली आहे. बाकांना कोण जिने चढवणार? मुलाला चढवता येतं. चार दांडगी पोरं नेमा. रोज असं उचललेलं त्याला आवडतं का, हे विचारू नका. विचारलंत तर तो सांगेल, हीच पंचाईत.

कमोड, दांड्या, सगळं बसवा आणि कुलूप घाला. किल्ली शिपाईमामांकडे, मामा बँकेत. पोरगं हुशार असतं. आठवडाभरात सकाळपासून पाणी न पिता राहायला शिकतं. (याचे गुण कुठल्याच विषयात धरत नाहीत, हा अन्यायच.)

पीटीच्या तासाला दप्तरं राखायला तो आहेच. सहलीच्या वेळी आईला सांगा, "ताई, त्यालाच त्रास होईल हो." जोर 'त्यालाच'वर. हात सावकाश चालत असेल तर बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तो अर्ज खणात नीट मुरू द्या.

आणि 3 डिसेंबर विसरू नका. जागतिक दिव्यांग दिन! स्टेजला पायऱ्या आहेत, तेव्हा सत्कार खालीच करा. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर, फोटोत मागची कुंडी यायला हवी. त्याला दोन शब्द बोलायचे असतील तर नाइलाज आहे, माइकची वायर तिथवर पोचत नाही.