हरायचे पैसे : कोल्हापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कोल्हापूरकर, नमस्कार.

तुम्ही खरं नाव दिलेलं नाही, म्हणून सहीतल्याच नावाने हाक मारतो. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी नीट वाचून लिहिलेली आहे, त्यामुळे तिथल्या तिथे दोन ओळी खरडून तुमची बोळवण करावीशी वाटली नाही. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी डब्ल्यूडब्ल्यूएफवर, म्हणजे ठरलेल्या निकालाच्या कुस्तीचे खेळ करणाऱ्या अमेरिकन कंपनीवर, आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईवर, प्रेमाने लिहिलं आणि शेवटी मुंबईतल्या एका मुखवटेवाल्या पैलवानावर मराठी कॉमिक लिहायचा बेत जाहीर केला. त्यावर तुमचं म्हणणं असं, की जिथे खासबागेसारखं कुस्तीचं मैदान आहे त्या मुलखातल्या माणसाने ही ठरवून केलेली नौटंकी डोक्यावर घ्यावी याची लाज वाटते. कॉमिक हा पोरासोरांचा उद्योग, आणि ज्याला साधं घोड्याचं चित्र काढता येत नाही त्याने त्यात पडू नये. आणि कॅनडात माँट्रियलला ब्रेट हार्ट या पैलवानाचा केसाने गळा कापला गेला, त्या रात्रीला मी 'या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट' म्हटलं, हे फसवणुकीचं कौतुक झालं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही सापडलात. वरच्या परिच्छेदात तुम्ही म्हणता सगळं आधीच ठरलेलं, त्यात हार कसली आणि जीत कसली. खालच्या परिच्छेदात ब्रेटवर अन्याय झाला म्हणून तुमचं रक्त उसळतं. शार्पशूटर, म्हणजे पाय मुडपून अडकवायचा त्याचाच डाव, लागला तेव्हा ब्रेटने हार मानलीच नव्हती, हेही तुम्ही आवर्जून नोंदवलंय. अहो, हे ज्याने केबलवर डोळे ताणून पाहिलंय त्यालाच माहीत असतं! तेव्हा आपण एकाच तालमीतले, एवढं आधी कबूल करा, मग भांडू.

९ नोव्हेंबर १९९७. ब्रेट डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघालेला, आणि विजेतेपदाचा पट्टा अजून त्याच्याच कमरेला. कॅनडात, आपल्या माणसांसमोर, शॉन मायकल्सकडून हरायला तो तयार नव्हता. करारातल्या शेवटच्या दिवसांत आपलं काय दाखवायचं याबद्दल त्याच्या शब्दाला वजन राहील, असं कलमही होतं. शेवट असा ठरला, की लढत गोंधळात सुटेल आणि पट्टा जागच्या जागी राहील. प्रत्यक्षात शॉनने ब्रेटचाच डाव ब्रेटवर लावला, रिंगला चिकटून उभ्या असलेल्या मालकाने, विन्स मॅकमहनने, ब्रेट हरला असं ठरवून घंटा वाजवायला लावली, आणि पंच अर्ल हेबनरही त्यात सामील होता. ब्रेट मालकाच्या तोंडावर थुंकला आणि मग बोटाने हवेत तीन अक्षरं काढली : डब्ल्यू, सी, डब्ल्यू.

याला मी मोठी गोष्ट म्हणतो, चांगली गोष्ट नाही. हरणं हे तिथे काम आहे. गवंडी भिंत बांधतो तसं तो हरतो, हिशेबाने, कौशल्याने, आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसासमोर पाठ टेकतो. त्या रात्री हरणाऱ्याला न विचारता हरवलं गेलं. एरवी दर आठवड्याला शेकडो माणसं राजीखुशीने हरत होती म्हणून तो धंदा उभा होता, हे लोकांना त्या एका बेइमानीने दिसलं. मालकाने पुढे स्वतःच खलनायक बनून त्याच प्रकरणावर पैसा केला, याची मला आजही किळस येते. पाहिलं मात्र सगळं.

आता 'ठरवून' या आरोपाकडे येतो. यात गुपित काही उरलेलं नाही. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच सांगून टाकलं, की आमचं हे मनोरंजन आहे, खरीखुरी क्रीडास्पर्धा नव्हे, तेव्हा क्रीडा आयोगाचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. पैसे वाचवायला कबुली दिली, यात आश्चर्य ते काय! पण हे 'ठरवणं' मुळात आलं कुठून, ते कुस्तीवाल्याने तरी समजून घ्यायला हवं. १९१६ साली अमेरिकेत ओमाहाला एड लुईस आणि जो स्टेकर जवळपास पाच तास एकमेकांना धरून बसले, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. त्याआधी १९१० मध्ये लंडनला आपल्या गामा पैलवानासमोर झ्बिस्को हा पोलंडचा पैलवान अडीच तासांहून जास्त वेळ पोटावर पडून राहिला होता. तीही बरोबरीत. (पुढे १९२८ मध्ये पतियाळाला गामाने त्याला मिनिटभरही टिकू दिलं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.) तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने दोन थोराड माणसांना तासन् तास आडवं पडलेलं किती पाहायचं? तेव्हा विसाच्या दशकात याच एड लुईसने, त्याच्या मॅनेजरने आणि टूट्स माँट या पैलवानाने मिळून वेळेची मर्यादा, उड्या, आपटाआपटी आणि ठरलेला शेवट यांचा संच बांधला. आज आपण पाहतो त्याचा सांगाडा तोच.

कुस्ती याहून मोठी आहे का? हो. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला जे केलं त्याच्या शेजारी मी कुणाला उभं करणार नाही. पण यात्रेच्या मैदानात हलगी कडाडते, निवेदक दोन गावांची इभ्रत पणाला लावतो, पैलवान माती कपाळाला लावून शड्डू ठोकत फेरी मारतो, ते काय फक्त स्नायूंसाठी असतं? जोड कुणाशी कुणाची लावायची यावर पंचकमिटी रात्रभर खलबतं करते, कारण जोड चुकली तर मैदान पडतं. त्यांच्याकडे एवढं एकच काम लेखकाचं आहे. पुढचं लुंगीवाल्या प्रेक्षकासमोर खरंखुरं घडतं. तिकडे अमेरिकेत जोड लावणारा माणूस शेवटही लिहितो.

आणि शेवट लिहायचा तर गोष्ट नेहमी हरणाऱ्याच्या हातात असते. २९ मार्च १९८७, रेसलमेनिया तीन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचा वर्षातला सगळ्यात मोठा खेळ, अमेरिकेतल्या पाँटियॅकचं सिल्व्हरडोम स्टेडियम. हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं, तो क्षण तुम्हाला पाठ असणार. सगळ्यांना होगनचे दंड आठवतात. पण आंद्रेच्या पाठीची शस्त्रक्रिया झालेली होती, कपड्याखाली आधाराचा पट्टा होता, आणि त्याच्या मनात नसतं तर त्याला जमिनीवरून हलवण्याची त्या इमारतीत कुणाचीही टाप नव्हती. त्याने स्वतःला उचलू दिलं. होगनचं पुढचं सगळं वैभव त्या एका 'उचलू देण्या'वर उभं आहे. म्हणून मला आंद्रे मोठा वाटतो आणि होगन नेहमीच थोडा उसना.

त्याच रात्री रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत झाली, आणि माझ्या मते ती मुख्य लढतीपेक्षा कितीतरी सरस होती. सॅव्हेजने ती आधीच पायरीपायरीने कागदावर उतरवली होती आणि तो स्टीमबोटकडून पाठांतर करून घ्यायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो नाही, मला हेवा वाटला. एवढी मेहनत घेऊन बाड तयार करायचं, आणि कुणासाठी? स्वतः हरण्यासाठी. पट्टा स्टीमबोट घेऊन गेला.

लागतं का खरं? रिंग म्हणजे लोखंडी तुळयांवर फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. १९९८ मध्ये अंडरटेकरने मिक फोलीला पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली फेकलं तेव्हा शेवट ठरलेला होता, गुरुत्वाकर्षण ठरलेलं नव्हतं. यावर जास्त बोलणार नाही. मला रक्ताचा शौक नाही, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या कंपनीने बायकांना जे करायला लावलं त्याचं समर्थन मी मागच्या लेखातही केलेलं नव्हतं. खली या आपल्या भारतीय पैलवानाबद्दल तुमचं आणि माझं एकमत आहे. २००७ मध्ये त्याच्या खांद्यावर पट्टा पाहून छाती फुगली, पण लढत सुरू झाली की पाहवत नसे.

आता कॉमिक. पोरासोरांचा उद्योग म्हणता? स्पायडरमॅन १९६२ साली पहिल्यांदा छापला गेला त्या गोष्टीत पीटर पार्कर अंगातली ताकद आजमावायला जातो कुठे, तर कुस्तीच्या रिंगणात. तीन मिनिटं टिकलास तर शंभर डॉलर, समोर क्रशर होगन नावाचा पैलवान. तोंड लपवायची कल्पना त्याला तिथेच सुचते. मेक्सिकोत एल सांतो हा खराखुरा पैलवान. १९५२ पासून त्याच्यावर फोटो आणि चित्रं जोडून केलेली कॉमिक निघाली आणि तो देशाचा नायक झाला. १९८४ मध्ये वारला तेव्हा त्याला रुपेरी मुखवट्यासकट पुरलं. जपानात उलटं घडलं. 'टायगर मास्क' आधी १९६८ साली कॉमिकमध्ये जन्मला आणि एप्रिल १९८१ मध्ये तोच मुखवटा घालून सातोरू सायामा टोकियोत डायनामाइट किडसमोर खरोखरच्या रिंगमध्ये उतरला. डब्ल्यूडब्ल्यूईचा पैलवान सीएम पंक कुस्ती सोडून बसला होता तेव्हा मार्व्हलसाठी कॉमिक लिहीत होता. ही दोन घरं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून आहेत. आपल्याकडे वेताळ, म्हणजे फँटमची कॉमिक, मराठीत वाचून मोठ्या झालेल्या पिढीने कॉमिकला पोरकट म्हणावं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

राहिला घोडा. मला काढता येत नाही, कबूल. कॉमिकच्या लेखकाला तो काढायचाही नसतो. चित्र चित्रकार काढतो, लेखकाने पानातल्या प्रत्येक चौकटीत काय दिसावं आणि कोण काय बोलावं ते लिहायचं असतं. एका चौकटीत एकच कृती. माणूस उडी मारतानाही दिसेल आणि पडतानाही, असं चालत नाही, नेमका कोणता क्षण गोठवायचा ते ठरवावं लागतं. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न टांगायचा, म्हणजे वाचक पान उलटतो. रिंगमध्ये पाठ टेकल्यावर पंच एक म्हणतो, दोन म्हणतो, आणि तिसरी थाप पडायच्या आत खांदा उचलला जातो, ते हेच. त्यात मराठीचा आपला वेगळा छळ आहे : वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं आणि संवादाच्या तेवढ्याच फुग्यात इंग्रजीपेक्षा कमी शब्द मावतात. पात्रांना मोजकं बोलायला लावणं भाग पडतं. माझ्यासारख्या वाचाळाला ही शिक्षाच आहे, पण कामाची.

आणि माझी गोष्ट नौटंकीची नाही. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजाश्रय संपला म्हणजे खुराक कुठून येणार हा प्रश्न किती तालमींत पडला असेल, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. माझा नायक अशाच एका तालमीतून गिरणगावात येतो. नाव अजून ठरलेलं नाही. दिवसा गिरणी, रात्री खाणावळ, अंगातली रग तशीच. पुढे दारासिंग आणि किंग काँग या पैलवानांच्या फ्रीस्टाइलला मुंबईत गर्दी लोटते आणि एक दलाल त्याला विचारतो, हरायचे पैसे घेशील का? दारासिंगांना किंवा कुणा खऱ्या पैलवानाला मी या गोष्टीत ओढणार नाही. माझं रिंगण, माझा दलाल, सगळे काल्पनिक. अट एवढीच, की मुखवटा घालायचा, परदेशी म्हणून उतरायचं, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. कारण तोंड उघडलं की 'आयला' बाहेर पडणार.

तो हरायला लागतो आणि त्यात इतका तरबेज होतो, की त्याच्यासमोर कुणीही वीर दिसायला लागतो. मग एका रात्री स्वस्त तिकिटाच्या बाकांवर त्याच्या गावचा माणूस बसलेला असतो. मुखवटा असला तरी पवित्रा कुठे लपतो? त्या माणसाला पाय टाकायची ढब ओळखीची वाटते, वस्तादांची आठवण होते, आणि तो उठून ओरडतो, 'अरं, पट काढ की!' समोरच्याचा पाय धरून पाडण्याइतका खरंच मोकळा आहे. पैसे हरायचे घेतलेत. पान इथे उलटतं.

पुढचं मला लिहिता येत नाहीये, आणि म्हणून तुमची गरज आहे. आजोबा तालमीत होते असं तुम्ही लिहिलंय. लढत बरोबरीत सोडवली, लोकांनी आरडाओरडा केला, संगनमताचा आळ आला, अशा कुस्तीनंतर पैलवान तालमीत परत यायचा तेव्हा वस्ताद त्याच्याशी कसं वागायचे? बोलायचे, मारायचे, की दुसऱ्या दिवशी पहाटे गुपचूप दुप्पट जोर काढायला लावायचे? ठरलेल्या इनामाचं काय व्हायचं, निम्मं मिळायचं की काहीच नाही? घरी कुणाला आठवत असेल तर विचारून इथेच खाली लिहा. शिव्या घातल्यात तरी चालेल, फक्त तपशील सोडू नका. चित्रकाराला पुढची पानं हवी आहेत आणि तो माझ्या नावाने रोज शड्डू ठोकतोय.