डोकं बांधत नाहीत, टेकवतात

खानापूरच्या आत्याने गेल्या महिन्यात बेळगावातली एमआरआयची तारीख ऐन वेळी मोडली. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: 'एमआरआयमध्ये डोकं लोखंडी पिंजऱ्यात कुलूपबंद करतात. जरा हललं की किरणांनी मेंदू भाजतो. नव्या मशिनी हललेला फोटो आपोआप नीट करतात. पोरांना झोपेचं औषध देतात ते बिल फुगवायला.'

पिंजऱ्याचं आधी. एमआरआय मशिनीतल्या चुंबकाजवळ केसातली पिनसुद्धा नेऊ देत नाहीत, तिथे डोक्याभोवती लोखंड कुठलं? ते प्लास्टिकचं कवच असतं, आत तांब्याची वेटोळी. मेंदूतून येणारा सिग्नल फार क्षीण, म्हणून तो पकडणारी अँटेना डोक्याला लागूनच हवी. कानांशी फोमच्या उशा खोचतात. कुलूप नाही. उलट हातात रबरी फुगा देतात. दाबला की माणूस आत येतो.

किरणांनी भाजायचं म्हणाल, तर एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबक आणि रेडिओ लहरींवर काम चालतं. क्ष-किरण सीटी स्कॅनमध्ये. तो काही सेकंदांत उरकतो, पण हललात आणि पुन्हा काढावा लागला तर किरणांचा डोसही पुन्हा. म्हणजे खबरदारी खरी तिथे घ्यायची.

हललेला फोटो आपोआप नीट होतो, हे अर्धंमुर्धं खरं आहे. काही पद्धती थोडी हालचाल सावरून घेतात. पण मेंदूचा एमआरआय साधारण 20 ते 40 मिनिटं चालतो, आणि त्यातली प्रत्येक सिरीज, म्हणजे चित्रांचा एकेक संच, कित्येक मिनिटं मापं गोळा करते. वडगावच्या विणकराच्या मागावर धागा चुकला तर दोष तेवढ्याच जागी दिसतो. इथे एकेका मापात सगळ्या चित्राचा अंश असतो, त्यामुळे मधेच मान हलली की अख्ख्या चित्रावर सावल्या उमटतात. बारीक गाठ असली तर त्यात हरवायची.

आणि पोरं? तान्ह्याला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून पुष्कळदा औषधाविनाच स्कॅन होतो. दोन-तीन वर्षांचं पोर मात्र मशिनीच्या त्या ठणाणा आवाजात अर्धा तास गप पडेल? औषध देणारच असतील तर उपाशी किती वेळ ठेवायचं ते नीट विचारून घ्या, उलटी श्वासनलिकेत जायची भीती असते.

शेवटी आत्याला परवा नेलंच. सिरीज सुरू होताना स्पीकरवरून कानडीत आवाज आला, 'अम्मा, अल्लाडब्याड्री!' हलू नका. आत्याने आज्ञाधारकपणे मान डोलावली. ती सिरीज पुन्हा घ्यावी लागली.