खाडा आणि खिडकी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फाटकाशी २०२० साली बसवलेला, पायाने दाबायच्या सॅनिटायझरचा लोखंडी स्टँड अजून जागेवर आहे. बाटली केव्हाच गेली. सध्या त्यावर कोरफडीची कुंडी आहे. यंदाच्या पावसाळ्यात घराघरांतून ताप-खोकल्याची साथ फिरली, तेव्हा कार्यकारिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांत आधी कोणती सूचना पाठवली असेल, तर तो स्टँड पुन्हा सुरू करण्याची. ती वाचून जे मनात आले ते जरा सविस्तर लिहिते आहे.

हात धुण्याला माझा अजिबात विरोध नाही. फ्लू आणि कोविड या दोन्हींच्या विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते फाटते, त्यामुळे वीस सेकंद नीट चोळून हात धुणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. पण हे आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतात, ही गोष्ट आपल्या सवयींमध्ये अजून मुरलेली नाही. त्याचा सगळा दोष सामान्य माणसाला देता येणार नाही. कोविड हवेतून पसरत नाही, असे खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२० मध्ये ठासून सांगितले होते, आणि हवेतून होणारा प्रसार तिने स्पष्टपणे मान्य करेपर्यंत २०२१ साल उजाडले. तोवर आपण भाजीच्या जुड्या धुवून आणि दुधाच्या पिशव्या पुसून दमलो होतो. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हाही मास्कसाठी औषधांच्या दुकानांत झुंबड उडाली होती आणि कित्येकांच्या खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी होती. जे हातात धरता येते, दाखवता येते, त्यावर आपला विश्वास चटकन बसतो. कपाळावर रोखायची तापमापीची बंदूक त्याच जातीची. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून आणि कोविडचा सुमारे दोन दिवस आधीपासून इतरांना संसर्ग देऊ शकतो, त्यामुळे अशी माणसे त्या बंदुकीसमोरून निर्धास्त आत जातात.

माझा भाचा सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. त्याच्या अभ्यासिकेत मी एकदा डबा द्यायला गेले होते. गुडघ्याला गुडघा लागेल अशा खुर्च्या, प्लायवूडचे आडोसे, पावसाचे पाणी आत येते म्हणून गच्च लावलेल्या खिडक्या आणि वर एसी. मुले तिथे दिवसाचे बारा-बारा तास बसतात. पुष्कळांची अशी समजूत असते की एसी चालू असला म्हणजे हवा खेळती राहते. वास्तविक आपल्याकडचा नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत खोलीत सोडतो आणि बाहेरची ताजी हवा मुळीच आत आणत नाही. म्हणजे सकाळी एकाने खोकून सोडलेले बारीक तुषार दुपारपर्यंत तिथेच फिरत राहतात, कारण ते इतके हलके असतात की लवकर खाली बसत नाहीत. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवणे आणि एकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून पंखा लावणे, एवढ्याने त्या खोलीत मोठा फरक पडेल. मालकांना मी हे नम्रपणे सुचवले. विजेचे बिल वाढेल, असे उत्तर मिळाले. तेही खोटे नाही, आणि भाच्यानेच मला पुढे बोलू नका म्हणून खूण केली, कारण जागा गेली तर परीक्षेच्या तोंडावर दुसरी मिळणे अवघड.

खरा प्रश्न इथे येतो. सार्वजनिक आरोग्याच्या सगळ्या शिफारशींत मला सर्वांत मोलाची वाटते ती सर्वांत साधी आहे: बरे वाटत नसेल तर घरी राहा. औषध न घेता चोवीस तास ताप आलेला नाही आणि एकंदर उतार पडतो आहे, असे झाल्यावर बाहेर पडा, आणि त्यानंतरही चार-पाच दिवस माणसांत जाताना मास्क लावा. सांगायला एका ओळीची ही शिफारस पाळायला मात्र सर्वांत महाग पडते, आणि ती किंमत ज्यांना परवडत नाही त्यांच्याच पदरात पडते.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी जुलैत खोकत आल्या. विचारले तर म्हणाल्या, “ताप नाही हो ताई, नुसती सर्दी आहे.” संध्याकाळी कळले की सकाळी निघण्याआधी त्यांनी तापाची गोळी घेतली होती. त्या पाच घरी काम करतात आणि एक दिवस न जाणे म्हणजे पाच घरचा खाडा. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण गेल्या वर्षापर्यंत मीही महिन्यात दोनांपेक्षा जास्त खाडे झाले की पैसे कापत असे. मग त्यांनी आजार लपवला म्हणून मी कोणत्या तोंडाने रागवायचे?

याच शहरात हे पूर्वी घडून गेले आहे. १८९७ च्या प्लेगच्या वेळी (तो जिवाणूचा आजार, विषाणूचा नव्हे, पण मुद्दा तोच) घरोघर सोजिरांच्या झडत्या झाल्या, रुग्णांना उचलून नेले गेले, घरच्यांची रवानगी छावणीत झाली आणि सामानसुमान जाळले गेले. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसे लपवू लागले. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याचाच आधार मार्च २०२० मध्येही घेतला गेला. आजार उघड केला की नुकसान होणार, हे एकदा मनात बसले की कोणताही फलक, कोणतीही भोंग्यावरची सूचना उपयोगाची राहत नाही. आज सामान जाळत नाहीत, पगार कापतात. शाळांमध्ये शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देतात. तापातही शाळेत आलेल्या मुलाचे आपण कौतुक करतो.

लशीविषयी थोडक्यात. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती लस दर वर्षी नव्याने बनते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात साथ चढते म्हणून ज्येष्ठांनी, गर्भवतींनी, मधुमेही आणि दमेकऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ती जूनपूर्वी घेतलेली बरी. आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेले पुष्कळ जण आहेत आणि मावशी त्यांच्याही घरी जातात, हे इथे लक्षात घ्यावे.

मागच्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी मांडले की घरकाम करणाऱ्या सर्वांना आणि फाटकावरच्या काकांना आजारपणाची चार दिवसांची रजा पगारी धरावी, आणि ती मागताना डॉक्टरांची चिठ्ठी मागू नये. एका घराचे महिना दोन हजार धरले तर चार दिवसांचे २६७ रुपये होतात. “मग रोजच कुणीतरी आजारी पडेल,” असे एक गृहस्थ म्हणाले, आणि स्वतः तीन वेळा खोकले. आतापर्यंत दोन घरांनी होकार कळवला आहे. स्टँडसाठीची वर्गणी मात्र त्याच दिवशी जमली, आणि कोरफडीची कुंडी कुठे हलवावी यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे.