‘कामाला माणसं मिळत नाहीत’ म्हणे

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. सोबत कुठल्याशा एमआयडीसीतल्या गेटावरच्या ‘हेल्पर, ऑपरेटर पाहिजेत’ या बोर्डाचा फोटो. म्हणणं असं: कारखान्यांत जागा रिकाम्या आणि आपली पोरं पदव्या घेऊन पारावर बसलेली, त्यांना घाम नको, सरकारी खुर्ची हवी, फुकटच्या योजनांनी ती आळशी झालीत, निम्मे पदवीधर तर नोकरीच्या लायकीचेच नाहीत, म्हणून बाहेरच्या राज्यांतली माणसं येऊन काम करतात. मी एकोणीस वर्षं आयटीआयला टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम, शिकवलं. माझी पोरं याच गेटांतून आत गेली आणि बाहेरही आली, म्हणून लिहितोय.

आधी तो बोर्ड. तो खोटा नाही, पण बारा महिने लटकलेला का असतो? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून नियम चालत आलाय की वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला सहज काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. मग २४० दिवस भरण्याआधीच, सात महिन्यांनी, पोराला ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे कामावरून घरी पाठवतात. मशीन तेच, जागा तीच, आणि बोर्ड पुन्हा खरा. दोन वर्षांत त्या एका मशीनवर तीन पोरं येऊन जातात, आणि आपण तीनदा म्हणतो, माणसं मिळत नाहीत. केंद्र सरकारच्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीत २०२२-२३ साली कारखान्यांतल्या दर दहा कामगारांत चार ठेकेदाराचे होते. एका विद्यार्थ्यानं मला त्याची पगारपावती दाखवली होती. पीएफ, ईएसआय, कँटीन आणि बस कापून हातात १३,४००. कॉट बेसिसचे, म्हणजे खोलीतल्या एका झोपायच्या जागेचे, २,५००, डब्याचे ३,२००. एका खोलीत सहाजण, आणि रात्रपाळीवाला उठला की त्याच्याच गादीवर दिवसपाळीवाला आडवा. दुसऱ्या ब्रेकनंतर तो गेलाच नाही. आता गावाजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपात आहे. पगार थोडा कमीच, पण घरी जेवतो. त्या बोर्डाच्या हिशोबात मात्र तो ‘काम नको असलेला पोरगा’.

घाम नको? जुलै २०२४मध्ये मुंबई विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी भरती निघाली तेव्हा हजारोंची झुंबड उडाली होती. त्यात पदवीधरही होते. आणि पोलीस भरतीची पोरं पहाटे साडेचारला १६०० मीटर पळतात, ती काय हौस म्हणून?

सरकारी खुर्चीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेला शंभर. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज, खुल्या गटाला फी १,००० रुपये. यात पोरांची उमेदीची चार-पाच वर्षं जातात. पण हिशोब वेडेपणाचा नाही. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते, आणि सातव्या महिन्यात ब्रेक नाही. शंभरातली नव्याण्णव पोरं हरणार हे त्यांनाही ठाऊक असतं.

योजनांबद्दल फार लिहीत नाही. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये आईच्या खात्यात जातात, पोराच्या नाही. रोजगार हमीचा राज्यातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. एवढ्याशा पैशापुढे एखाद्या कारखान्याची नोकरी फिकी पडत असेल, तर त्या नोकरीकडेच बघायला हवं.

आता ‘लायकीचे नाहीत’. इथे माझेही हात अडकलेत. ‘इंडिया स्किल्स रिपोर्ट’च्या २०२५च्या अंकात रोजगारक्षम तरुण सुमारे ५५ टक्के आहेत, आणि मला तो आकडा फार चुकीचा वाटत नाही. आमच्याकडे वीस पोरांच्या तुकडीला एकच सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन होतं. त्यातला इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा तुकडा, तुटला की नवा यायला महिने लागत. माझी पोरं साध्या लेथवर चार जबड्यांच्या चकात जॉब डायल लावून बरोबर मध्यावर आणायची, पण सीएनसीवर टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचा फरक, टाकायला सांगितलं की एकमेकांकडे बघायची. हे मी झाकणार नाही. पण पूर्वी ही उरलेली कसर अप्रेंटिसशिपमध्ये भरून निघायची, कायदाच १९६१चा आहे. आता कित्येक ठिकाणी अप्रेंटिस वर्षभर एकाच मशीनवर लोडिंग-अनलोडिंग करतो आणि सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतो. ते वर्ष शिकण्यात धरायचं की उत्पादनात?

शिवाय निम्मे नालायक म्हटले, तरी उरलेल्या निम्म्यांना तरी काम मिळायला हवं होतं ना? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारताविषयीच्या अहवालात पदवीधर तरुणांमधली बेकारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के आहे. निरक्षर पोरगा जास्त कष्टाळू म्हणून नव्हे. त्याला रिकामं बसणं परवडतच नाही.

राहिले बाहेरच्या राज्यांतून येणारे. त्यांच्या कष्टांबद्दल मला एक शब्द वावगा बोलायचा नाही. पण त्यांनाच का घेतात याचं कारण एका ठेकेदाराच्या माणसानं मला चहाच्या टपरीवर सांगितलं होतं: “सर, लोकल पोरगा पोळ्याला गावी जातो, पेरणीला जातो, आणि पगार लटकला की चार जणांना घेऊन गेटावर येतो.”