रॅकमधल्या मॅक मिनीला ‘जुगाड’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘मॅक मिनी रॅकमध्ये लावणं हा शुद्ध जुगाड आहे. तो तापतो, त्याला दुसरा पॉवर सप्लाय नाही, लांबून सांभाळता येत नाही. व्यावसायिक कामाला खरा सर्व्हरच हवा.’ आयटीवाल्यांच्या ग्रुपवर हा मजकूर सतत फिरतो. (मॅक मिनी म्हणजे ॲपलचा छोटा डेस्कटॉप संगणक, रॅक म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायची चौकट.) त्यात थोडं तथ्य आहे, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी ‘खरा सर्व्हर’. आयफोनचं ॲप बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालणारं ॲप बनवायला, ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं, ते फक्त मॅकओएस या ॲपलच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि परवान्यानुसार मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर चालवायची असते. मग कोणता सर्व्हर घ्यायचा? ॲपलचा स्वतःचा सर्व्हर, एक्ससर्व्ह, जानेवारी 2011 मध्ये बंद झाला. 2019 च्या मॅक प्रोची रॅकसाठी आवृत्ती निघाली, पण ती एकटीच 5 यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) जागा खाते. ॲमेझॉनने 2020 मध्ये क्लाउडवर मॅक द्यायला सुरुवात केली, तीही डेटा सेंटरमध्ये मॅक मिनीच बसवून. याला जुगाड म्हणणार?

आता उष्णता. ॲपलच्या आकड्यांनुसार एम4 चिपचा मिनी नुसता चालू असताना साधारण 4 वॉट घेतो, पूर्ण भारावर 65. एम4 प्रोचा मिनी 140 पर्यंत जातो. रॅकच्या हिशेबात हे फार नाही. अडचण असते ती बसवण्यात. 2010 ते 2023 चे मिनी 19.7 सेंटिमीटर रुंद आणि 3.6 उंच होते, त्यामुळे 1 यू म्हणजे 4.445 सेंटिमीटरच्या कप्प्यात दोन शेजारी शेजारी आरामात बसायचे. 2024 चा मिनी 12.7 सेंटिमीटर चौरस, पण 5 सेंटिमीटर उंच. म्हणजे आडवा 1 यूमध्ये मावतच नाही! उभा केला तर 3 यूमध्ये बसतो आणि एका ओळीत बरेच मावतात. पण त्याची गरम हवा बुडातून बाहेर पडते आणि पॉवरचं बटणही तिथेच आहे. म्हणून यंत्रं एकमेकांना चिकटवून ठेवू नका, बुडाशी मोकळी जागा सोडा. नुसत्या शेल्फवर रचून ठेवलेले मिनी तापले, तर दोष रचणाऱ्याचा.

एकच पॉवर सप्लाय, हे खरं. एकच वायर असलेल्या उपकरणांसाठी दोन वेगळ्या वीजजोडण्यांमधून वीज घेणारा ट्रान्सफर स्विच रॅकमध्ये बसवता येतो. सप्लायच जळाला तर ते काम शेजारचा मिनी उचलतो. बिल्डच्या रांगेला काम कोणतं यंत्र करतं याच्याशी देणंघेणं नसतं.

लांबून सांभाळणं जमतं: दुसऱ्या संगणकावरून कमांड द्यायला एसएसएच आहे, स्क्रीन शेअरिंग आहे, वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग आहे. यंत्र अडकलंच तर नेटवर्कवरून चालणाऱ्या पीडीयूवर (रॅकमधल्या वीजपट्टीवर) त्याचं सॉकेट बंद-चालू करा. फक्त फाइलव्हॉल्टचा, म्हणजे मॅकच्या डिस्क एन्क्रिप्शनचा, निर्णय आधी घ्या, कारण तो चालू असेल तर रीस्टार्टनंतर पासवर्ड दिल्याशिवाय डिस्क उघडत नाही.

त्या मजकुराचं मला पटतं ते एका बाबतीत. ग्राहकांचा मुख्य डेटाबेस मिनीवर ठेवू नका. त्यात ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी, मेमरी नाही, चालू यंत्रात डिस्क बदलता येत नाही. तिथे सर्व्हरवर पैसे खर्च करा, आणि बिल्ड-टेस्टिंगचे मिनी त्याच रॅकमध्ये, नीट बसवून, चालू ठेवा.